घरी पाहिलेले सिनेमे आणि माझे गुण (कोर्टला पाचपैकी दोन, आता बोला)

बिनसाखरेचा

गेल्या काही आठवड्यांत घरच्या टीव्हीवर पाहिलेल्या सिनेमांची ही यादी. गुण पाचपैकी. सिनेमा थोर आहे की नाही याचे हे गुण नाहीत. दिवसभर राबून, जेवून, साडेनऊला सोफ्यावर टेकलेल्या माणसाला त्याने किती धरून ठेवलं, याचे आहेत. ओटीटीवर सिनेमे भाडेकरूंसारखे घरं बदलतात, म्हणून कुठे पाहिला ते लिहीत नाही. शोधा.

वाळवी (२०२३): साडेचार. परेश मोकाशींचा. नवरा आणि त्याची मैत्रीण मिळून बायकोचा काटा काढायचा बेत आखतात आणि बेत लवकरच वाकडा जातो. पुढचं सांगत नाही, प्रतिसादांतही कुणी सांगू नका. स्वप्नील जोशीला हे काम झेपेल असं वाटलं नव्हतं, पण चांगलंच झेपलंय. अर्धा गुण कापला तो काही योगायोग फारच सोयीचे आहेत म्हणून.

लापता लेडीज (२०२४): चार. घुंघटामुळे आगगाडीत नववधूंची अदलाबदल. रवी किशनचा पान चघळणारा इन्स्पेक्टर आणि छाया कदमची फलाटावरची मंजू माई. आई दुसऱ्या दिवशी परत लाव म्हणाली. शेवट जरा पाठ्यपुस्तकी.

स्थळ (२०२५): साडेतीन. जयंत सोमलकर. चंद्रपूरकडचं गाव, कापूस पिकवणारा बाप, कॉलेजात शिकणारी सविता आणि मुलगी पाहायचे कार्यक्रम. सुरुवातीचं स्वप्न भन्नाट आहे, त्यात मुलाला समोर बसवून बायका प्रश्न विचारतात. नंतर मात्र तोच कार्यक्रम पुन्हा पुन्हा होतो. तिथे मी चहा करायला उठलो.

द डिसायपल (२०२०): तीन. गाण्यातलं मला फार कळत नाही. शास्त्रीय गाणं शिकणारा शरद नेरुळकर रात्रीच्या मुंबईत मोटारसायकलवरून जातो आणि कानात माईंचं, म्हणजे त्याच्या गुरूंच्या गुरूंचं, बोलणं चालू असतं, ते छान वाटलं. पण किती वेळा?

कोर्ट (२०१५): दोन. लोकशाहीर नारायण कांबळेच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली असा आरोप, आणि त्यावरचा खटला. विषय जबरदस्त. पण कॅमेरा एका जागी खिळे ठोकून बसवल्यासारखा. माणसं निघून गेली तरी तो तिथेच. व्हेनिसला दोन पुरस्कार, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक, ऑस्करसाठी भारतातर्फे निवड, सगळं ठाऊक आहे. तरी पाऊण तासाने मी फोन हातात घेतला आणि शेवटचा भाग दीडपट वेगाने पाहिला.

थिएटरात तिकिटाचे पैसे आणि अंधार तुम्हाला बसवून ठेवतात. घरी उठायची मुभा असते. मुभा असून जो उठू देत नाही तो सिनेमा चांगला, इतकं साधं आहे.

शेवटची_रांग

दीडपट वेगाने पाहून दोन गुण? हे गुण तुम्ही कोर्टला नाही, स्वतःच्या एकाग्रतेला दिलेत, आणि तिथेही हात सैल सोडलाय.

शेवटचा भाग म्हणजे नेमकं काय घालवलंत ते सांगतो. (न पाहिलेल्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.)

कोर्टाला सुट्टी लागते. खोली रिकामी होते, एकेक दिवा बंद होतो, आणि अंधारात चौकट तशीच राहते. आता संपला असं वाटतं. पण संपत नाही. न्यायाधीश सहकुटुंब, सहपरिवार रिसॉर्टवर निघतात. बाकावर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागतो. पोरं जवळ येऊन एकदम ओरडतात, न्यायाधीश दचकून जागे होतात आणि हाताला सापडलेल्या पोराला एक ठेवून देतात. परत झोपतात. याच माणसाच्या हातात एका म्हाताऱ्या शाहिराचा जामीन आहे. आत सडणाऱ्यासाठी ती सुट्टी किती लांब असेल, हे त्या अंधाऱ्या खोलीपुढे बसावं लागतं तेव्हा कळतं. तुम्हाला तो अंधार किती सेकंद मिळाला?

खारी_बिस्कीट

धागाकर्त्याला पूर्ण पाठिंबा. पुरस्कारवाला सिनेमा आवडला नाही असं म्हणायला हल्ली जिगर लागते. मी कोर्ट बघताना दोनदा पेंगलो आणि दोन्ही वेळा जाग आली तेव्हा तीच खोली, तीच माणसं. माझं काही बुडालं असं वाटलं नाही.

वाळवीला माझे पाच.

शेवटची_रांग

म्हणजे न्यायाधीश आणि तुम्ही एकाच बाकावर.

तालुक्याचा

दोन्ही बाजू शहरातल्या आहेत म्हणून मधे तोंड घालतो.

आमच्या तालुक्यातलं एकमेव थिएटर बंद पडून तिथे लग्नाचा हॉल झाला. पुढच्या दाराला अजून 'बाल्कनी' अशी पाटी आहे, आत पंगती उठतात. २०१५च्या एप्रिलमध्ये सरकारने मल्टिप्लेक्सवाल्यांना मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवायला लावला, त्यावर पॉपकॉर्न की मिसळ असा दंगा झाला, आठवत असेल. त्याच महिन्यात १७ तारखेला कोर्ट लागला. आता जिथे मल्टिप्लेक्सच नाही तिथे प्राइम टाइम कोणाचा? कोर्ट आमच्याकडे कधी आलाच नाही. फँड्री, किल्ला, कोर्ट, डिसायपल, सगळं मी घरीच पाहिलंय. त्यामुळे थिएटरात पाहिला तरच पाहिला म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

पण धागाकर्त्यांचंही पटत नाही. घर आहे म्हणून फोन घ्यायचा असा काही नियम नाही.

माझे वडील तालुका कोर्टात कारकून होते. सिनेमातलं कोर्ट लागलं की ते उठून जातात, कारण टेबलावर हात आपटणारे वकील त्यांनी उभ्या नोकरीत पाहिले नाहीत. हा मात्र शेवटपर्यंत पाहिला. मधेच म्हणाले, "हे बघ, हे असं असतं." कशाला म्हणाले? साक्षीदार दहा वाक्यं बोलतो. न्यायाधीश ती ऐकतात, त्यांचं एक वाक्य करतात आणि टंकलेखकाला सांगतात. रेकॉर्डवर जातं ते न्यायाधीशांचं वाक्य. मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला येते तेव्हा नवऱ्याची पद्धत सांगते: गटारात उतरण्याआधी आत खडा टाकायचा, झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे. ती हे रडत-ओरडत सांगत नाही, रेशनचा हिशेब द्यावा तशी सांगते. कॅमेरा हलला असता, जवळ गेला असता, मागे व्हायोलिन वाजलं असतं, तर माझे वडील उठून गेले असते.

माझे साडेचार. घरीच पाहिलाय, बत्तीस इंची टीव्हीवर.

कुकरची_तिसरी_शिट्टी

सलग दोन तास कोणाला मिळतात हो? धागाकर्ते साडेनऊला सोफ्यावर बसतात, छान आहे. साडेनऊला आमच्याकडे ओटा आवरायचा असतो, विरजण लावायचं असतं, मुलाला उद्या शाळेत कार्डशीट न्यायची असल्याचं आठवतं. मी सिनेमे तुकड्यातुकड्यांत बघते. कोर्टही तसाच पाहिला, रोज थोडा.

आणि गंमत म्हणजे तुकड्यांत संथ सिनेमाच टिकतो. वाळवी मी दोनदा सुरू केला. शिट्टीसाठी उठून आले तर प्रेत कुठे आणि संशय कोणावर, सगळं पुन्हा विचारावं लागलं, घरातले वैतागले. कोर्टचं तसं झालं नाही. आज सरकारी वकीलबाईंचा भाग, उद्या कांबळेच्या बाजूच्या त्या व्होरा वकिलाचा. प्रत्येक भाग आपल्या पायावर उभा आहे. वकीलबाईंच्या भागात लोकलमध्ये शेजारणीशी साडी आणि ऑलिव्ह ऑइलच्या गप्पा, मग पोराला पाळणाघरातून घेणं, मग स्वयंपाक. गीतांजली कुलकर्णी पोळ्या करतेय आणि मी टीव्हीसमोर भाजी निवडतेय. याच बाई सकाळी कोर्टात एका म्हाताऱ्याला आत ठेवा म्हणून तावातावाने वाचत होत्या. मला ती दुष्ट वाटलीच नाही, आणि तेच सगळ्यात जास्त लागलं. नोकरी करते बिचारी. फाइल आली, वाचली, घरी आली.

बिनसाखरेचा यांची ती धरून ठेवण्याची परीक्षा पुरुषाच्या सोफ्यावरची आहे. मला कुठलाच सिनेमा धरून ठेवू शकत नाही. मी उठतेच. उठून परत आल्यावर जो तसाच वाट बघत असतो, तो चांगला.

गुण: कोर्ट चार, लापता लेडीज साडेतीन (मंजू माई नसती तर तीन), वाळवी तीन.

बिनसाखरेचा

आधी एक खुलासा. ओटा आमच्याकडे मी आवरतो, साडेनऊच्या आधी. आई साक्षीदार आहे.

आता मुद्द्याचं. शेवटची_रांग यांनी सांगितलेला शेवट वाचून मला तो आवडला, हे खरं. पण तो तुमच्या सांगण्यात आवडला. एखाद्या गोष्टीचं वर्णन त्या गोष्टीपेक्षा रंगत असेल तर मी काय करू? माझ्या दिवाणखान्यात तो अंधार म्हणजे टीव्हीच्या काचेत दिसणारा ट्यूबलाइट आणि माझंच तोंड होतं.

तालुक्याचा, वडिलांचा मुद्दा लाखातला. पण त्याचा अर्थ असा की कोर्टात नोकरी केलेल्या माणसाला तो जास्त दिसतो. दिसायलाच हवा. मी बँकेत आहे. बँकेतल्या खऱ्या दिवसावर कोणी दोन तासांचा सिनेमा काढला तर मी एकटा खूश होईन आणि तुम्ही सगळे पेंगाल.

कुकरची_तिसरी_शिट्टी, तुमची कसोटी मला मान्य नाही, पण मजेशीर आहे. तुकड्यांत टिकतो म्हणून चांगला, तर मग मालिकाच पाहाव्यात. त्या सहा वर्षं वाट बघतात.

कोर्टचे दोन कायम.

डेसिबल

जरा अवांतर, तरी धाग्याशी संबंध आहे.

डिसायपलला तीन दिलेत, ठीक. टीव्हीचा आवाज टीव्हीच्याच स्पीकरमधून ऐकलात ना? त्या मोटारसायकलच्या प्रसंगांत माईंच्या बोलण्याखाली तानपुरा चालू असतो. चपट्या टीव्हीचे स्पीकर बोटाएवढे आणि बहुतेक वेळा तोंड खाली किंवा मागे भिंतीकडे. खर्ज त्यातून निघतच नाही. उरतो तो बोलण्याचा आवाज, आणि मग प्रसंग व्याख्यानासारखा वाटणारच. चांगला हेडफोन लावून तोच प्रसंग पुन्हा ऐका. माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. १९ एप्रिल २०२१ला त्या गेल्या आणि ३०ला सिनेमा नेटफ्लिक्सवर आला. मी तो हेडफोनवर ऐकला आणि तसाच बराच वेळ बसून राहिलो.

बाकी घरी बघणाऱ्या सगळ्यांसाठी दोन कामं. एक, टीव्हीच्या किंवा ॲपच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ५.१ (सहा स्पीकरांचा आवाज) निवडलेलं असेल आणि तुमच्याकडे फक्त टीव्हीचे स्पीकर असतील, तर स्टिरिओ करा. थिएटरच्या ध्वनिमिश्रणात संवाद मधल्या स्पीकरसाठी ठेवलेले असतात. तुमच्याकडे मधला स्पीकरच नाही, म्हणून संवाद पुटपुटल्यासारखे आणि गाणी कान फोडतात. रिमोटचं सतत वर-खाली त्यामुळेच. दोन, चित्र 'स्मूथ' करणारी सोय बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो, टीव्ही मधे स्वतःच्या मनाच्या चौकटी घालतो आणि सगळं दुपारच्या मालिकेसारखं गुळगुळीत दिसायला लागतं. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते. शोधून मारा.

हे न करता दिलेले गुण म्हणजे धुरकट चष्मा घालून दिलेले गुण.

आजोबा_मोड

डेसिबल, दुसरं काम आत्ता केलं. नातवाने सहा महिने माझा टीव्ही बिघडलाय असं सांगितलं होतं. धन्यवाद.

सामना आणि सिंहासन यांच्यावर कोणी काही लिहिणार का? नाही लिहिणार. असो.

वऱ्हाडी_ठेचा

कोर्टावर एवढं दळण दळून राहिले, स्थळवर कोणी बोलतच नाही. काऊन जी?

धागाकर्ते म्हणतात तोच कार्यक्रम पुन्हा पुन्हा होते, मंग मी चहा कराले उठलो. भाऊ, तुमाले उठता आलं. सविताले उठता येत नाही, हाच तर सिनेमा आहे! नाव सांग, उंची सांग, शिक्षण किती, छंद काय. दर वेळेस माणसं दुसरी, प्रश्न तेच. एकदाच दाखवून भागलं असतं तर त्याची जाहिरात झाली असती, सिनेमा नाही.

माह्या मोठ्या बहिणीचे असेच कार्यक्रम झाले. आमचं घर कपाशीवालं. कापूस घरात पडून असला आन् भाव पडला की बोलणी लांबत. कोणी तोंडानं म्हणत नाही, पण व्यापारी काय भाव देते ते ऐकूनच पाहुण्याले फोन जाते. सिनेमात बापाचं ते तोंड पाहून माय उठून आत गेली. आमच्या इकडची बोली हसवासाठी वापरतात नेहमी, नोकर नाही तर हवालदार. इथं हिरोईनच तशी बोलते आन् कोणी हसत नाही. सोमलकरांनं आपल्याच गावात, डोंगरगावात, गावच्याच लोकांना घेऊन केला हा. टोरोंटोलेही दाखवला.

साडेतीन नाही, साडेचार. अर्धा कापला कारण काही जागी पोट्टे पाठ केल्यासारखे बोलतात.

शेवटची_रांग

"तुमाले उठता आलं, सविताले उठता येत नाही." धागा इथेच बंद करा, याच्यापुढे कोणी काही लिहू नये.

आकडेमोड

लिहिणार. गुण देणंच बंद करा. नेटफ्लिक्सने २०१७मध्ये पाच तारे काढून अंगठे आणले ते उगाच नाही. लोक माहितीपटाला पाच तारे द्यायचे आणि प्रत्यक्षात बघायचे भलतंच हलकंफुलकं काहीतरी. आपल्या धाग्यातही तेच चाललंय. कोर्टला साडेचार देणाऱ्यांनी तो परत कधी लावला, आणि वाळवीला तीन देणाऱ्यांनी तो किती पाहुण्यांना दाखवला, ते सांगा पाहू.

कुकरची_तिसरी_शिट्टी

वाळवी पाहुण्यांना दाखवला, कबूल. पाहुण्यांसमोर मी चकलीही ठेवते. रोज जेवायला मात्र भाकरी लागते.

बिनसाखरेचा

आकडेमोड, अंगठा वर की खाली यात साडेचार आणि तीन दोन्ही 'वर' होतात. मला त्या दोहोंतला दीड गुणच तर हवाय. भांडण त्या दीड गुणावरच होतं ना? नुसते अंगठे असते तर इथे एवढे प्रतिसादही आले नसते आणि तालुक्याचा यांच्या वडिलांबद्दल कोणाला कळलं नसतं.

वऱ्हाडी_ठेचा, स्थळचे साडेतीनचे चार केले. चहाबद्दल तुमचं म्हणणं नाकारता येत नाही. पण हे चार तुमच्या बहिणीला आहेत असं समजा. सिनेमाचा अर्धा गुण बाकी ठेवतोय. त्या मधल्या भागात बापाबरोबर आणखी थोडं राहायला हवं होतं, तिथे दिग्दर्शक घाईत होता. संथ सिनेमात घाई! यावर कोणी बोलत नाही. संथ सिनेमेही चुकीच्या जागी संथ असतात. डिसायपलमध्ये मोटारसायकल मला चार वेळा चालली असती, पण शरदच्या नोकरीचा, त्या जुन्या ध्वनिमुद्रणांच्या कंपनीचा भाग भुर्रकन संपतो. माणसाचं पोट कसं चालतं ते मला बघायचं होतं.

शेवटची_रांग

हे बरोबर पकडलंत. म्हणजे डिसायपल नीट पाहिलाय तुम्ही. मग कोर्टवरच खुन्नस का?

बिनसाखरेचा

खुन्नस नाही. कोर्टमध्ये मला एकाही माणसाच्या जवळ जाऊ दिलं नाही. कांबळेच्या तर नाहीच. कांबळे झालेले वीरा साथीदार खऱ्या आयुष्यात चळवळीतले, नागपूरचे, 'विद्रोही' या नियतकालिकाचे संपादक होते. पडद्यावर गायला उभे राहतात तेव्हा अंगावर काटा येतो. आणि दिग्दर्शक त्यांना लांबून, गर्दीच्या मागून दाखवतो. न्यायाधीशाची सहल जवळून आणि शाहीर लांबून. हा निर्णय मला पटला नाही. वेग कमी म्हणून नव्हे, म्हणून दोन.

तालुक्याचा

हे आधी लिहायचं होतं की. सोफा, उठायची मुभा वगैरे कशाला घातलंत मधे? यावर वाद घालायला मजा आली असती. शाहीर लांब आहे कारण कोर्टाला तो तेवढाच दिसतो, फाइलीतल्या नावाइतका. वडिलांना विचारून सविस्तर लिहितो, ते आत्ता फिरायला गेलेत.

खारी_बिस्कीट

तोवर पुढचा सिनेमा ठरवा. किल्ला घ्या. अविनाश अरुण यांचा, कोकण, पाऊस, बदलीवर आलेली आई अमृता सुभाष आणि अबोल पोरगा. सगळ्यांनी या रविवारी आपापल्या घरी बघायचा आणि गुण टाकायचे. मी आत्ताच सांगतो, बंड्या झालेल्या पार्थ भालेरावमुळे माझे चार नक्की.

डेसिबल

चालेल. पण पावसाचा आवाज आहे त्यात, हेडफोन लावा.

कुकरची_तिसरी_शिट्टी

रविवारी आमच्याकडे पाहुणे आहेत. मी बुधवारपासून सुरू करते, म्हणजे रविवारपर्यंत होईल.

शेवटची_रांग

बिनसाखरेचा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवणार का?

बिनसाखरेचा

नाही. पण वेग एकपट.